गेटबाहेरची सुरक्षा

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

कारखान्याच्या आत हेल्मेट, बूट, गॉगल यांची कडक शिस्त असते, पण तोच कामगार गेटबाहेर पडून मोटरसायकलला किक मारतो तेव्हा ती शिस्त तिथेच थांबते. कामावर जाता-येता आणि कामासाठी फिरताना होणाऱ्या अपघातांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या कंपनीत दर जानेवारीत रस्ता सुरक्षेची शपथ होते, पत्रकं वाटतो, आरटीओच्या अधिकाऱ्यांचं व्याख्यानही ठेवतो. पण फेब्रुवारी उजाडला की सगळं पहिल्यासारखं. वर्षभर टिकेल असं काय करता येईल?
— सेफ्टी ऑफिसर, चाकण

उत्तर : व्याख्यान ठेवायला हरकत नाही, पण सुरुवात तिथून करू नका. कामगार गाडी कशी चालवतो हे बरंचसं तो घरून किती वाजता निघतो आणि गेटवर किती वाजता पंच करायचा असतो यावर ठरतं. हे वेळापत्रक कंपनी बनवते. ते न बदलता फक्त कामगाराला बदलायला निघालेला उपक्रम टिकत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिल्या महिन्यात एकच काम करा. कोण कुठून, कशाने आणि कोणत्या पाळीला येतो याची यादी बनवा. कॉन्ट्रॅक्टवरचे कामगार त्यात आलेच पाहिजेत. एचआरच्या यादीत ते बहुतेक वेळा नसतात, आणि कंपनी बसमध्ये जागा नसल्यामुळे दुचाकीवर येणाऱ्यांत त्यांचंच प्रमाण जास्त असतं. मग गेल्या तीन वर्षांतले जाता-येतानाचे अपघात शोधा. वेगळं रजिस्टर नसेल तर आजारपणाच्या रजा आणि ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) कागद चाळा. प्रत्येक अपघाताची जागा, वार, वेळ आणि पाळी मोठ्या नकाशावर टाचण्या लावून कँटीनमध्ये टांगा. शेजारी ‘थोडक्यात वाचलो’ अशी वही ठेवा. तिच्यात नाव लिहायची सक्ती नको, जागा आणि वेळ पुरे. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात नेमकं कुठे कट बसतो, कुठे कंटेनर वळताना आत दाबतो, हे रोज जाणाऱ्यांना ठाऊक असतं. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दुसरं, लेट मार्क. पाच मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला जात असेल, तर कंपनीने त्या शेवटच्या पाच मिनिटांवर अर्ध्या दिवसाच्या मजुरीचं बक्षीस लावल्यासारखं होतं. हिशेब सांगून बघा. १५ किलोमीटरच्या रस्त्यावर सरासरी ४५ऐवजी ६० चा वेग ठेवला तर जेमतेम ५ मिनिटं वाचतात. पण ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर जवळपास दुप्पट होतं. पंधरा मिनिटांची सवलत द्या, तेवढा वेळ शेवटी भरून घ्या. महिन्याचा एकूण उशीर मोजा, एका दिवसाचा नको.

तिसरं, पाळी सुटायच्या वीस मिनिटं आधीपासून वीस मिनिटं नंतरपर्यंत तुमच्या डिस्पॅचचा एकही कंटेनर गेटबाहेर सोडू नका. कागदावर ही बाब किरकोळ दिसते. पण शेकडो दुचाकी आणि चाळीस फुटी ट्रेलर एकाच वेळी एकाच रस्त्यावर येऊ न देणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. शेजारच्या कंपन्यांशी बोलून पाळ्या सुटण्याच्या वेळांत दहा-पंधरा मिनिटांचा फरक ठेवता आला तर आणखी चांगलं.

प्रशिक्षण यानंतर. ते हॉलमध्ये न घेता यार्डात घ्या. उभ्या कंटेनरच्या केबिनमध्ये एकेका कामगाराला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि दोन सहकाऱ्यांना मोटरसायकलसह ट्रेलरच्या डाव्या बाजूला, केबिनच्या दाराला लागून उभं करा. वर बसलेल्याला ते दिसत नाहीत, किंवा हेल्मेटचा टोकाचा भाग तेवढा दिसतो. ट्रेलर डावीकडे वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून न जाता आत कापतात, हेही रिकाम्या यार्डात हळू वळवून दाखवा. डावीकडून घुसणं का जीवावर बेततं, हे समजावून सांगायला मग वेगळा शब्द लागत नाही. त्याच दिवशी डांबरावर खडूने तीन रेषा मारा : २६ मीटर, ४५ मीटर आणि ६० मीटर. ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरलं, तर ४० च्या वेगाने जाणारी गाडी पहिल्या रेषेपाशी थांबते, ६० ने जाणारी दुसऱ्या, आणि ओल्या रस्त्यावर ६० ने जाणारी तिसऱ्या. कामगारांना हे अंतर चालून बघू द्या. प्रत्यक्ष गाडी पळवून दाखवायची गरज नाही.

गेटवर हेल्मेटची सक्ती करायची असेल तर ती येताना आणि जाताना, दोन्ही वेळा हवी. मालकापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना हवी, मागे बसणाऱ्यालाही हवी. विनाहेल्मेट आलेल्याला परत पाठवू नका. तो तसाच विनाहेल्मेट परत जाईल आणि वर मजुरीही बुडेल. सिक्युरिटी केबिनमध्ये दहा-पंधरा हेल्मेट उसनी द्यायला ठेवा, नोंद करून आत घ्या आणि जाताना हेल्मेट देऊनच सोडा. तिसऱ्यांदा नाव आलं की सुपरवायझरने बसून बोलावं.

मोजणी मात्र गेटवर करू नका. गेट दिसलं की हेल्मेट डोक्यावर चढतं. गेटपासून तीनशे मीटर अलीकडे, आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या पाळीला अर्धा तास मोजा, आणि हनुवटीचा पट्टा लावलेलेच धरा. ‘शून्य अपघात’ विभागाला बक्षीस देण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. तिच्यामुळे अपघात कमी होत नाहीत, अपघात सांगणं कमी होतं. त्याऐवजी ‘थोडक्यात वाचलो’च्या वहीत उपयोगी नोंदी करणाऱ्या विभागाचं कौतुक करा.

प्रश्न : व्यवस्थापनाने सर्वांना मोफत हेल्मेट द्यायचं ठरवलं आहे. खरेदी करताना काय पाहावं? कंपनीचा लोगो रंगवून घ्यायचा विचार आहे.
— स्टोअर्स विभाग, सातपूर, नाशिक

उत्तर : निर्णय चांगला आहे. भारतात २०२२ मध्ये रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यामुळे खर्च इथेच आधी व्हायला हवा.

हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचं हवं. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून उत्पादकाचं नाव जुळतं का ते पाहा. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट वेगळ्या मानकाचं, आयएस २९२५ चं असतं. वरून पडणाऱ्या वस्तूपासून डोकं वाचावं म्हणून ते केलेलं असतं. ते घालून दुचाकी चालवणारे अनेक कामगार दिसतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

एकगठ्ठा खरेदीत सगळ्यात मोठी चूक होते ती आकाराची. सगळ्यांसाठी एकच मापाचं मागवलं की निम्म्यांना ते सैल होतं, आणि सैल हेल्मेट धडकेत डोक्यावरून निघून जातं. भुवयांच्या वर दीड बोटावरून डोक्याचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. बहुतेकांचं माप ५६, ५८ किंवा ६० सेंटिमीटरमध्ये बसतं. घातल्यावर गालाची कातडी थोडी दाबली गेली पाहिजे. पट्टा लावून हेल्मेटची मागची कड वर आणि पुढे ओढून पाहावी. निघून आलं तर माप चुकलं. आंबाडा घालणाऱ्या महिलांनी केस मानेजवळ खाली बांधून माप द्यावं. काच पारदर्शकच घ्या. काळ्या काचेने तिसऱ्या पाळीला रस्ता दिसत नाही.

लोगो रंगवू नका. रंगातल्या थिनरने प्लॅस्टिकचं कवच आतून ठिसूळ होऊ शकतं आणि वरून काही कळत नाही. लोगो हवाच असेल तर उत्पादकाकडूनच छापून घ्या. साफसफाईला साबणाचं पाणी पुरे, पेट्रोल किंवा रॉकेल नको. आतलं थर्मोकोल एकदाच दबतं आणि दबून धक्का शोषतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलून द्यायचं, आणि ते फुकट बदलून मिळेल हे आधीच जाहीर करायचं. नाहीतर कुणी सांगणार नाही.

प्रश्न : रात्रपाळी संपवून घरी जाताना आमचे दोन सहकारी डुलकी लागून पडले. शिवाय सकाळच्या पाळीला गेटवर ब्रेथ ॲनालायझर लावावा का, यावर युनियन आणि व्यवस्थापनात वाद आहे.
— कामगार प्रतिनिधी, वाळूज

उत्तर : सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात १०० मिलीलिटरमागे ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असं संशोधन सांगतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे डबल ड्यूटी करून मोटरसायकलवर निघालेला माणूस न पिताही त्या मर्यादेपलीकडे असतो. युनियनने हा मुद्दा लावून धरावा. डबल ड्यूटी झालेल्याला घरी सोडण्यासाठी गाडी, हा नियम लेखी करून घ्या. नेहमीच्या रात्रपाळीसाठी विश्रांतीची एक शांत खोली पुरते. सुटल्यावर वीस मिनिटं झोप, मग तोंड धुऊन, चहा घेऊन आणखी पंधरा मिनिटं थांबून निघायचं. झोपेतून उठल्या उठल्या गाडी चालवू नये, तो काळही मंदच असतो. चहाने झोप उडाल्यासारखी वाटते, पण झोपेची उणीव भरत नाही. शक्य तिथे बस द्यावी, हा उपाय बाकी सगळ्यांपेक्षा वरचा.

सकाळच्या चाचणीला विरोध करणाऱ्यांना बहुतेक वेळा एक गोष्ट माहीत नसते. ७० किलो वजनाच्या पुरुषाने एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलीलिटर व्हिस्की घेतली तर रक्तातलं प्रमाण साधारण १२५ च्या आसपास जातं. शरीर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम उतरवतं. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान प्यायलेला माणूस पहाटे साडेपाचला, स्वतःला ठणठणीत वाटत असताना, मर्यादेच्या वर असू शकतो. लिंबूपाणी, आंघोळ, कॉफी यांनी हा वेग वाढत नाही.

यंत्र फ्युएल सेल प्रकारचं (अल्कोहोल रासायनिक क्रियेने मोजणारं) घ्या आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकपणाची तपासणी, करून त्याचा दाखला सूचनाफलकावर लावा. माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधाने आकडा खोटा वाढतो, म्हणून पॉझिटिव्ह आलेल्याला पंधरा मिनिटं बसवून, पाण्याने चूळ भरायला लावून, साक्षीदारासमोर पुन्हा तपासा. चाचणी सगळ्यांची करा किंवा चिठ्ठी टाकून निवडलेल्यांची, पण सुपरवायझरच्या मर्जीने नको. दुसऱ्यांदाही आकडा वर आला तर त्याच्या गाडीची किल्ली ठेवून घ्या आणि त्याला घरी पोहोचवा. ज्याला व्यसनच जडलं आहे त्याला उपचाराची वाट खुली ठेवा. ही अट करारात असेल तर वाद बराच निवळतो.

प्रश्न : माझी वितरणाची एजन्सी आहे. बारा सेल्समन दिवसभर मोटरसायकलवर असतात. चालवताना फोन घेऊ नका म्हटलं की ऑर्डर जाते म्हणतात.
— वितरक, सांगली

उत्तर : नियम आधी ऑफिसला लावा. त्या मुलांना सर्वाधिक फोन ऑफिसातूनच जातात. ऑफिसातल्या प्रत्येकाने पहिलं वाक्य ‘गाडीवर आहेस का?’ एवढंच म्हणायचं आणि ‘हो’ आलं की फोन ठेवायचा. ग्राहकांना दोन वेळा कळवा, उदाहरणार्थ अकरा आणि चार, त्या वेळेत सेल्समन थांबून सगळ्यांना उलट फोन करेल. हँड्सफ्रीची सवलत देऊ नका. हात मोकळे राहिले तरी लक्ष बोलण्यातच असतं. ६० च्या वेगाने पाच सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते.

रोजच्या भेटींची संख्या ठरवताना त्या मार्गावर स्वतः एक दिवस नियम पाळून फिरा. जेवढ्या भेटी जमतील तेवढंच टार्गेट ठेवा. ऊस गाळपाच्या हंगामात अंधार पडल्यानंतरच्या भेटी बंद करा. दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून हायबीम, अशा रस्त्यावर ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ट्रॅक्टरमालकांकडे आणि कारखान्याकडे लाल रिफ्लेक्टर टेपचा आग्रह जरूर धरा, पण तुमच्या मुलांचं वेळापत्रक त्यावर अवलंबून ठेवू नका.

दर सोमवारी दहा मिनिटं गाड्या बघा. टायरमधली झीज दाखवणारी खूण पृष्ठभागाला टेकली असेल तर टायर संपला. हवा थंड टायरमध्ये मोजा. दोन्ही आरसे, ब्रेकचा दिवा आणि चेनचा ढिलेपणा पाहा. लायसन्स आणि विम्याच्या मुदतीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकालाही दंड आहे.

प्रश्न : घरून कामावर येताना झालेला अपघात ‘कामावरचा’ धरतात का? आणि अपघात झाला तर पहिल्या तासात कंपनीने काय करावं?
— एचआर, कागल

उत्तर : ईएसआय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा मानला जातो. राज्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलने जाताना मरण पावला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायद्यालाही हाच अर्थ लावला. कुटुंबाला तिथवर पोहोचायला बावीस वर्षं लागली. म्हणून हजेरीची नोंद, पाळीचा तक्ता, दवाखान्याचे आणि पोलिसांचे कागद पहिल्याच आठवड्यात एका फाइलमध्ये लावा, अपघाताचा अहवाल लगेच पाठवा, आणि फाइलची एक प्रत न मागता कुटुंबाला द्या.

पहिल्या तासासाठी प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे रक्तगट, घरचा एक नंबर, कंपनीचा चोवीस तास उचलला जाणारा नंबर आणि ११२ व १०८ छापा. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत पैसे न भरता उपचार मिळतात. जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे ११२ वरून कळतं. तुमच्या मुख्य मार्गांवरची नावं आधीच विचारून सिक्युरिटीकडे लिहून ठेवा. मदत करणाऱ्या सहकाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय साक्षीसाठी अडकवू शकत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने त्याला संरक्षण आहे, हेही सगळ्यांना सांगा. जखमीची मान वळवू नये, श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये, पाणी पाजू नये. हे प्रत्येक पाळीतल्या निदान चार जणांना हाताने करून शिकवलेलं असावं, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा करून घ्यावं.