पहिलं कॉर्डलेस ड्रिल घेताना

आधी भिंत बघा. पडदे, फ्रेम, शेल्फ लावायचं तर विटांच्या भिंतीत भोकं पाडावी लागणार, म्हणजे हॅमर मोड (फिरता फिरता ठोकेही मारणारा) हवाच. त्याशिवायचं ड्रिल लाकूड, प्लायपुरतं. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवरच्या (चार्ज किती साठतो त्याचं माप) दोन बॅटऱ्या आणि १३ मिमीपर्यंतचं बिट (भोक पाडणारं पातं) धरणारा चक घरासाठी भरपूर झालं.

व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. '१८' आणि '२० मॅक्स' एकच: आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्जला ते वीसच्या वर जातात. स्वस्त ड्रिलवरच्या '४८' वर तर विश्वासच ठेवू नका. त्यापेक्षा बॅटरी पुढे सुटी मिळेल का, ते विचारा.

सुरुवातीला हमखास चुकतं ते असं:

- लाकडाचं बिट भिंतीत घालणं. धार लगेच जाते. भिंतीला कार्बाइड टोकाचं मेसनरी बिटच लागतं.
- टाइलवर हॅमर लावणं. टाइल तडकते. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद, वेग कमी, बिट टाइलचंच.
- ६ मिमीच्या गिट्टीला (भिंतीत स्क्रू धरणारा प्लग) ८ मिमीचं भोक. गिट्टी फिरत राहते. बिट ६ चंच घ्या, भोक गिट्टीपेक्षा ५-१० मिमी खोल, आणि आतली धूळ काढा.
- स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडणं. तिथून वायर गेलेली असते.

खिडकीवर बिट पुढे सरकेना, नुसती करडी भुकटी येतेय, तर ते काँक्रीटचं लिंटल (खिडकीवरची आडवी तुळई) आहे. जोर लावू नका, मोटर तापते. तेवढ्यापुरतं एसडीएस रोटरी हॅमर (जास्त जोरात ठोकणारं ड्रिल) भाड्याने आणा.