फ्रीस्टाइल पोहताना श्वास किती हात मारल्यानंतर घ्यावा?
सुरुवातीला दर दोन हातांनंतर, सोयीच्या एकाच बाजूला श्वास घ्यावा. १५०० मीटरचे अनेक जागतिक दर्जाचे जलतरणपटूही असाच श्वास घेतात, त्यामुळे यात कमीपणा मुळीच नाही.

नवशिक्यांना दम लागतो तो बहुधा पाण्याखाली श्वास रोखून धरल्यामुळे: शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, जीव घाबरा होतो आणि तोंड बाहेर येताच उच्छ्वास व श्वास दोन्हींची घाई होते. म्हणून चेहरा पाण्यात असेपर्यंत नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहावे. मी तर पहिला आठवडा केवळ यालाच द्यावा असे म्हणेन.

दुसरी चूक डोके वर उचलण्याची. त्याने कंबर व पाय खाली जातात. खांद्यांबरोबर मान वळवावी, एक डोळा पाण्यातच राहू द्यावा. २५ मीटर सहज जमू लागले, की दुसरी बाजू अवश्य सुरू करा.