प्रबंधाचा फोल्डर बॅकअपमधूनही गेला : आधी काय वाचवायचं, मग काय बदलायचं

तुमची अडचण मला समजली ती अशी: उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) प्रबंधाचा फोल्डर चुकून डिलीट झाला. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) आरसिंक (फाइलींची प्रत करणारी आज्ञा) चालतो, त्याला डबल डॅश डिलीट (मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही पुसणारा पर्याय) लावलेलं आहे. सकाळी बाहेरची हार्ड डिस्क उघडली, तर फोल्डर तिथूनही गेलेला.

ती डिस्क आत्ताच्या आत्ता अनमाउंट करून (म्हणजे सिस्टिमपासून सोडवून) बाजूला ठेवा आणि क्रॉनमधली ती ओळ बंद करा. खरी आशा त्या डिस्कवरच आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडी असेल, तर उबुंटू दर आठवड्याला एफएसट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालवतं. ते एकदा झालं की पुसलेलं परत मिळणं जवळजवळ अशक्य. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर मात्र वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून असतो. फोटोरेक हे मोफत साधन घ्या. नावात फोटो असला तरी ते पीडीएफ, वर्ड, साध्या मजकुराच्या फाइलीही शोधतं. सापडलेलं तिसऱ्याच डिस्कवर उतरवा, त्याच डिस्कवर अजिबात नको. फाइलींची मूळ नावं मिळणार नाहीत. मजकूर साधा असेल तर प्रबंधातला एखादा दुर्मीळ शब्द ग्रेपने (फाइलींमध्ये शब्द शोधणारी आज्ञा) शोधा, ढिगातून प्रकरणं वेगळी काढता येतील. गाइडना मेलने पाठवलेले मसुदेही आजच उतरवून घ्या.

आता पुढचं. डबल डॅश डिलीट लावलेला आरसिंक हा आरसा आहे. तुम्ही पुसलं की तोही पुसतो, फाइल बिघडली की बिघडलेलीच नेतो. तुम्हाला कालची, परवाची, मागच्या महिन्याची प्रत हवी आहे. त्यासाठी आरसिंकमध्येच लिंक-डेस्ट हा पर्याय आहे: रोज तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करायचा आणि लिंक-डेस्टला कालचा फोल्डर दाखवायचा. न बदललेल्या फाइलींची नवी प्रत होत नाही, हार्ड लिंक होते, म्हणजे डिस्कवरच्या त्याच मजकुराला आणखी एक नाव मिळतं. प्रत्येक तारखेचा फोल्डर पूर्ण दिसतो, जागा मात्र बदललेल्या फाइलींपुरतीच जाते. इथे तीन ठिकाणी माणसं हमखास अडकतात. डिस्कची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एक्सफॅट असेल तर हार्ड लिंक होत नाहीत, ईएक्सटी४ करून घ्या; पण फॉरमॅट केल्याने डिस्क पुसली जाते, त्यामुळे वरची शोधाशोध पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नका. लिंक-डेस्टचा मार्ग पूर्ण लिहा. अर्धा लिहिलात तर तो जिथे प्रत जाते त्या फोल्डरपासून मोजला जातो, आणि चुकला तर आरसिंक एक इशारा देऊन सगळंच नव्याने कॉपी करत बसतो. तिसरं, क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या ओळींची फाइल) टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ नवी ओळ असा होतो, म्हणून तारीख काढणारी आज्ञा, जिच्यात ते चिन्ह लागतं, वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवा.

त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच माउंटपॉइंट आज्ञेने डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासा. नसेल तर आरसिंक त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे लॅपटॉपवरच, लिहीत राहतो आणि तुम्हाला बॅकअप झाल्यासारखा वाटतो. झोटेरो (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ते बंद करूनच प्रत घ्या. चालू डेटाबेसची प्रत अर्धवट निघू शकते.

परत आणताना डिलीट हा पर्याय कधीही लावू नका. आधी डॅश एन लावून कोरडी फेरी घ्या, काय कुठे जाणार ते वाचा. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं जातं, नाही दिली तर फोल्डर स्वतः जातो आणि प्रबंधाच्या आत आणखी एक प्रबंध तयार होतो. थेट जुन्या जागी न उतरवता वेगळ्या फोल्डरात उतरवा आणि दोनचार फाइली उघडून बघा. हे महिन्यातून एकदा, काही बिघडलेलं नसतानाही करा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबचा (प्रोग्रामरांचे कोड सांभाळणारी कंपनी) मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि अपयशाचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे ६ तास आधी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटमुळे (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) ते सावरले. एवढ्या जाणत्या लोकांचं असं होतं, म्हणून तपासा म्हणतोय.

हार्ड लिंकमुळे न बदललेल्या फाइलीची डिस्कवर प्रत्यक्षात एकच प्रत असते, तेव्हा दुसरी डिस्क घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवा.

प्रबंध लेटेकमध्ये होता की लिब्रेऑफिसमध्ये, आणि बाहेरची डिस्क कोणत्या फाइल सिस्टिमची आहे, तेवढं लिहा. फोटोरेकमध्ये नेमकं काय निवडायचं ते त्यावरून सांगतो.