माणूस घ्यायचा तर आठवड्यात घे

कुपवाड एमआयडीसीत शेड घेतलीस, चांगलं केलंस. मशीनसाठी चार ठिकाणची कोटेशनं मागवलीस तेही बरोबर. पण माणूस घेताना तसं करू नकोस.

माझंच सांगतो. व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर, ऑपरेटर हवा होता. मिरजेचा आयटीआय झालेला एक पोरगा आला. मायक्रोमीटर दिला तर आधी पुसला, शून्य तपासलं, मगच जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, मोजला. तिथंच कळलं होतं. तरी म्हटलं, "अजून दोघं-तिघं बघून कळवतो." मध्ये गणपती आले, पार्टनर गावाला. 22 दिवसांनी फोन केला तर पोरगा चाकणला रुजू झालेला. पुण्याची गाडी धरायला इथल्या पोरांना कितीसा वेळ लागतो?

जागा रिकामी ठेवली की पगार वाचतो असं वाटतं. कुठला वाचतोय! जुना ऑपरेटर दोन महिने रोज जादा थांबला. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर, तो दिलाच. वर थकव्यात त्यानं मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकला आणि अख्खा लॉट रिजेक्ट. शेवटी तोही गेला. बायकोनं सोडायला लावलं म्हणे. तिचं तरी काय चुकलं?

तू पगाराचा आकडा आधी ठरव, माणूस समोर बसल्यावर नाही. गप्पा कमी, दोन तास मशीनवर उभं कर. तिसऱ्या दिवशी फोन, नकार असला तरी. नीट सांगितलं तर तोच पोरगा पुढं मित्राला पाठवतो.

हिशेबनीस घेताना मात्र घाई नको. जुन्या मालकाशी बोलल्याशिवाय कपाटाची किल्ली देऊ नकोस.