अर्ज करून बघायला काय जातं?

२०२५ चा गणपतीच्या आधीचा आठवडा. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर पाऊस कोसळत होता आणि अश्विनी ओली छत्री दाराबाहेर ठेवू की आत आणू, अशा विचारात दोन मिनिटं माझ्या उंबऱ्यातच उभी राहिली. पुढे काय करावं हे विचारायला मुलं माझ्याकडे येतात, तशीच ती आली होती. (नाव बदललं आहे, गावही सांगत नाही. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष, साताऱ्यात खोली घेऊन राहणारी, कोरेगाव तालुक्यातल्या शेतकरी घरातली मुलगी. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, सुप्रीम कोर्टाच्या लॉ क्लार्कचा फॉर्म भरू की नको, एवढंच सांगा. मे महिन्यापासून तोच विचार चाललाय. आता त्याच्यामुळे दुसरा अभ्यासही होईना झालाय."

ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींच्या मदतीला तरुण कायदा पदवीधर ठरावीक मुदतीसाठी नेमतात, ते लॉ क्लार्क. आलेली प्रकरणं वाचायची, घटनाक्रम आणि कायद्याचे मुद्दे काढून टिपण करायचं, जुने निकाल शोधायचे, आणि तिथे पाहिलेलं-ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ आणि २०२५ मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज मागवले आणि मार्चमधल्या एका रविवारी परीक्षा घेतली. आधी बहुपर्यायी प्रश्न, मग त्याच दिवशी लेखी पेपर, त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. मानधन तेव्हा दरमहा ८०,००० रुपये होतं. शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, फक्त रुजू होण्याआधी पदवी हातात हवी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत ६४ जागा आणि ६५,००० रुपये मानधन होतं. जागा मोजक्या, आणि अर्ज करणारी मुलं देशभरातली.

एके काळी असा प्रश्न घेऊन कुणी आलं की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, "अर्ज करून बघायला काय जातं?" आता ते मी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी तेच सांगितलं. त्याने माझ्या शब्दावर एका वर्षात दिसेल ती परीक्षा दिली. एकाही यादीत नाव आलं नाही. प्रत्येक यादी मित्रांच्या ग्रुपवर फिरायची, प्रत्येक वेळी काका-मामांचे फोन यायचे. चौथ्या यादीनंतर त्याने कोर्टात जाणंच सोडलं. मला कळलं ते त्याच्या सीनिअर वकिलांच्या फोनवरून. मग बोलताना कळलं, की त्याला खरी गोडी होती ती उलटतपासणीची. साक्षीदाराला प्रश्न विचारणाऱ्या वकिलाकडे तो तासन् तास बघत बसायचा. बंद खोलीत फायली वाचण्याची त्याला मुळातच आवड नव्हती आणि मी ते कधी विचारलंच नव्हतं. आज तो जिल्हा न्यायालयात उत्तम काम करतो आहे. पण त्याचं ते वर्ष माझ्या मनावरून उतरलेलं नाही. अर्ज करून बघायला वेळ जातो, आणि नकार आला तर तो पचवायला अंगात जे बळ लागतं तेही जातं. कधी कधी ते खर्च करण्याजोगं असतं. आधी हिशेब मांडायला हवा, एवढंच.

म्हणून अश्विनीला मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. "अडचण काय आहे ते एकेक करून सांग," म्हटलं.

पहिली अडचण वडिलांची. ते गावच्या विकास सोसायटीत सचिव आहेत, शिवाय दीड एकरात आल्याचं पीक. अश्विनीने लॉ क्लार्क हा शब्द काढला तेव्हा ते गप्प झाले आणि जेवताना म्हणाले, "आयुष्यभर मी लिखापढीच केली. पाच वर्षं शिकून तूही कारकूनच व्हायचं?" सांगताना अश्विनीचा आवाज बसला. हा गैरसमज एका शब्दाचा होता, पण तो माणूस दुखावला गेला होता हे खरंच होतं. त्यांना बोलावून घे म्हटलं. पुढच्या सोमवारी ते आले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं.

त्यांना कामाचं स्वरूप सांगितलं. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र बिनचूक होता. "हिला जेएमएफसी द्यायचीय. त्याला आता तीन वर्षं वकिली लागते म्हणतात. मग हे वर्ष वाया नाही का जाणार?" ही भीती मला अलीकडे बऱ्याच घरांत दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या परीक्षेसाठी (बोलण्यातली जेएमएफसी ती हीच) तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पण त्याच निकालात, लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्या तीन वर्षांत धरावं असं स्पष्ट म्हटलं आहे. मी त्यांच्यासमोर निकालातला तो भाग मोबाईलवर उघडला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून दोनदा वाचून घेतला, अश्विनीकडून मराठीत सांगून घेतला, आणि खिशातल्या डायरीत तारीख लिहिली. बाकी काही बोलले नाहीत. कागदावर जगलेल्या माणसाला कागद दाखवावा, समजुती घालत बसू नये.

हिशेबाची दुसरी बाजूही त्यांना सांगितली. दिल्लीत राहणं-जेवण स्वस्त नाही. मुदत संपली की काम संपतं, पुढच्या नोकरीची हमी नाही. त्या काळात स्वतःची वकिली करता येत नाही. आणि आपल्या भागात नेमक्या याच दिवसांत एक नवं दार उघडलं होतं. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चार दशकं मागणी लावून धरली होती. साताऱ्याहून अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, आता अडीच तासांत कोल्हापूर. तिथे चांगल्या सीनिअरकडे राहून शिकणं हा अश्विनीसाठी कमी प्रतीचा पर्याय नव्हता. लॉ क्लार्क झालं नाही तर "नाइलाजाने" कोल्हापूर, असं ती बोलून गेली तेव्हा मी तिला थांबवलं. पुढची दहा वर्षं ज्या कामात काढायची त्याच्यावर आजच नाइलाजाचा शिक्का कशाला मारायचा?

पण ही सगळी वरवरची कारणं होती. खरं कारण तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नॅशनल लॉ स्कूलची मुलं असतात तिथे. माझं इंग्रजी वाचायचं आहे, बोलायचं नाही. आमच्यासारख्यांनी फॉर्म भरला तर हसतील."

अशा वेळी जिभेवर मोठी नावं येतात. रामशास्त्री प्रभुणे इथल्या माहुलीचे. देशाचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर १९०१ साली साताऱ्यातच जन्मले. मी ती नावं घेतली नाहीत. घाबरलेल्या मुलीपुढे डोंगर उभा केला की ती आणखी लहान होते, असा माझा अनुभव आहे. तिला हवं होतं स्वतःबद्दलचं काहीतरी ठोस, आणि ते भाषणातून मिळत नाही.

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांकडून मी एक निकाली निघालेली फाईल मागून आणली. जमिनीचा वाद, दुसरं अपील, दीडेकशे पानं. पक्षकारांची नावं त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकून दिली. अश्विनीला म्हटलं, "ही घरी ने. एका रविवारी बस आणि दोन पानांचं टिपण कर. वाद काय, तारखा काय, कायद्याचा प्रश्न कोणता. निकाल काय लागला ते मला माहीत नाही आणि तूही शोधू नकोस. आणि एक कर, वाचताना कितीदा उठलीस, किती वाजता कंटाळा आला, ते समासात लिही."

ती दहा दिवसांनी आली. दोनऐवजी पाच पानं. निळ्या शाईत तारखा एकाखाली एक, दोन ठिकाणी लाल गोल. कंटाळ्याच्या नोंदीच्या जागी फक्त "चहा, ४.१०" असं होतं. मी विचारायच्या आधीच तिने फाईल उघडून एका पानावर बोट ठेवलं. "मॅडम, हे बघा. मूळ मराठी जबाबात साक्षीदार म्हणतो, 'आमची वहिवाट आहे.' इंग्रजी भाषांतरात एका जागी त्याचं पझेशन केलंय आणि तीन पानं पुढे राइट ऑफ वे. ताबा वेगळा आणि जायचा-यायचा रस्ता वेगळा! आमच्या बांधावर याच शब्दावरून चुलत्यांशी भांडण झालंय, म्हणून मला खटकलं. अपिलातला सगळा मुद्दा याच्यावर फिरतोय."

मी वकील नाही. तिचं बरोबर होतं की नाही ते मला सांगता येईना, म्हणून तिच्यासमोरच त्या वकिलांना फोन लावला. ते पलीकडे जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आमच्या लक्षात यायला पहिल्या सुनावणीपर्यंत वेळ लागला होता. कोण आहे ही मुलगी?" फोन स्पीकरवर होता.

तिचा चेहरा उजळला वगैरे काही झालं नाही. ती खाली बघून फाईलच्या कडा सारख्या करत राहिली. पण खोलीतला प्रश्न बदलला होता. "माझी निवड होईल का?" हे ती, मी, तिचे वडील, कुणीच ठरवू शकत नव्हतं. "हे काम मला आवडतं का?" याचं उत्तर पाच पानांत लिहून आलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोक्यात या दोन प्रश्नांची गाठ पडलेली असते, आणि ती सुटेपर्यंत फॉर्म भरणंही चूक वाटतं आणि न भरणंही.

इंग्रजीचं भय त्या एका फोनने गेलं असं नाही. लेखी पेपरात टिपण इंग्रजीतच लिहायचं असतं आणि तिची वाक्यं अडखळत होती. त्यावर उपाय सरावाचाच. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. रोज एक निकाल, त्यातला घटनाक्रम झाकायचा, स्वतः लिहायचा, मग ताडून बघायचा. बोलण्याच्या सरावासाठी तिने खोलीतल्या मैत्रिणीला धरलं. ती मैत्रीण फार्मसीची. तिला जमिनीचा वाद इंग्रजीत समजावून सांगायचा म्हणजे वाक्यं सोपी करावीच लागत.

दिवाळीनंतरच्या भेटीत अश्विनीने स्वतः ठरवून आणलं होतं. सर्वोच्च आणि उच्च, दोन्ही ठिकाणच्या जाहिराती आल्या की अर्ज करायचा, तिसरीकडे कुठे नाही. जेएमएफसीचा अभ्यास फक्त परीक्षेआधीचे सहा आठवडे बाजूला ठेवायचा, त्याहून एक दिवस जास्त नाही. निवड झाली नाही तर निकालानंतर सनद घेऊन कोल्हापूर, त्यासाठी एका सीनिअर बाईंना ती आत्ताच भेटून आली होती. अर्ज केल्याचं आई-वडील आणि ती मैत्रीण यांनाच सांगायचं. हे शेवटचं मीच सुचवलं होतं, त्या जुन्या मुलाच्या आठवणीने. यादी लागली की कुणाकुणाला उत्तर द्यावं लागेल, हे आधी ठरवता येतं.

वडिलांचा मध्ये एकदा फोन आला होता. सोसायटीत कुणीतरी विचारलं, पोरगी पुढे काय करणार? "म्हटलं, न्यायमूर्तींना प्रकरण वाचून देणारी माणसं असतात, त्यातलं काहीतरी आहे. बरोबर सांगितलं का मॅडम?" अगदी बरोबर सांगितलं होतं त्यांनी. अर्जाचं मात्र कुणाला बोलले नव्हते.

निघताना अश्विनी दारापर्यंत गेली आणि परत आली. वकीलसाहेबांकडे तसली आणखी एखादी जुनी फाईल असेल का, असं तिने विचारलं. या वेळी घड्याळ लावून, दोनच पानांत करून बघायचं होतं तिला.