गाडी उभी, सही बाकी

प्रश्न : मी पवईतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. हाताखाली नऊ जण. वर्षभरापूर्वी कंपनीने 'अजाइल' पद्धत आणली : दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, रोज सकाळी दहाला उभ्याने मीटिंग. पण आमच्या सरांना प्रत्येक बदल आधी दाखवावा लागतो. बटणाचा रंग असो की चाचण्यांचा क्रम, मेल दोन-दोन दिवस पडून राहतात. पंधरा मिनिटांची मीटिंग पाऊण तास चालते, हजेरी घेतल्यासारखी. दोन रिलीज पुढे ढकलावे लागले. सर वाईट नाहीत, सगळ्यांत उशिरा घरी जाणारे तेच. पण हल्ली विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. चूक पद्धतीची की नेतृत्वाची? आणि मी मधल्यामध्ये काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुमचं 'विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही' हे वाक्य वाचलं आणि मला १९९८ची एक रात्र आठवली. मुंबईत तेव्हा जिकडेतिकडे उड्डाणपूल उभे राहत होते. अशाच एका साइटवर मी रात्रपाळीची इंजिनिअर होते. आमच्या प्रमुखांचा दंडक होता, त्यांना विचारल्याशिवाय काही हलायचं नाही. रात्री एकच्या सुमाराला काँक्रीटची गाडी आली, वाटेत ट्रक आडवा पडल्यामुळे बरीच उशिरा. मुकादमाने घमेल्यात थोडा माल घेतला, मुठीत दाबला आणि माझ्याकडे बघितलं. माल आवळत, म्हणजे घट्ट होत चालला होता, दोघांनाही कळलं. पण गाडी परत पाठवायची तर प्रमुखांचा शब्द हवा, आणि ते फोन उचलेनात. ड्रम नुसता फिरत राहिला. सव्वा तासाने फोन लागला, तोवर मागच्या दोन गाड्याही वाया गेल्या होत्या. ओतकाम अर्धवट थांबलं, जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा पडला, तो पुढे फोडून काढावा लागला.

सकाळी मलाच विचारणा झाली, 'गाडी परत का नाही पाठवलीत?' त्या दिवसापासून मुकादमाने घमेल्यात हात घालणं सोडून दिलं. तुमच्या नऊ जणांचं हेच झालंय, असं मला वाटतं.

काही महिन्यांनी नवे साहेब आले. कंटेनरमधल्या ऑफिसात फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलं : ड्रॉइंगमध्ये बदल, कुणाच्या जिवाला धोका किंवा मोठा खर्च, एवढ्यासाठी मला झोपेतून उठवा. बाकीचं तुम्ही ठरवा, सकाळी सांगा. पुढच्याच आठवड्यात मुकादमाने एक गाडी परत पाठवली. साहेबांनी कारण ऐकून घेतलं, वहीत लिहिलं आणि त्याच्यासाठी चहा मागवला. माणसं तीच, यंत्रं तीच, पण गाड्या ताटकळणं थांबलं.

तेव्हा चूक पद्धतीची नाही. २००१ साली अजाइलचा जाहीरनामा १७ जणांनी मिळून लिहिला. माणसांना लागेल ती मदत द्या आणि ती काम पार पाडतील असा विश्वास ठेवा, हे त्याच्या तत्त्वांमध्येच आहे. तुमच्याकडे टप्पे आले, मीटिंग आली, हे तेवढं यायचं राहिलं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचा प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाला. हुकूम सोडणाऱ्या नेत्याची मुलं काम भरपूर करायची, पण तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. मिळून ठरवणाऱ्याची मुलं त्याच्यामागेही काम करत राहायची. मोकाट सोडलेल्या मुलांकडून मात्र फारसं काम झालं नाही. म्हणून सरांनी लक्षच काढून घ्यावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. गर्डर क्रेनने चढवताना इशारा एकाच माणसाचा चालतो, तिथे चर्चा नको. पण 'थांबा'चा इशारा कुणीही द्यावा, अगदी झाडू मारणाऱ्यानेही, आणि क्रेनवाल्याने थांबायलाच हवं.

आता तुमचं. दोन आठवडे एक वही ठेवा. सरांकडे गेलेली प्रत्येक गोष्ट टिपा : किती तास थांबली आणि शेवटी सरांनी तिच्यात काय बदललं. बऱ्याच ओळींपुढे 'काही नाही' येईल, असा माझा अंदाज आहे. ती वही तक्रार म्हणून नेऊ नका. मीटिंगमध्ये सर्वांसमोर तर नकोच, संध्याकाळी ते एकटे असताना न्या. मेहनती माणसाला आपले तास कुठे जातात हे दिसलं तर पटतं. जे ते कधीच बदलत नाहीत, असं एकच काम मागून घ्या, महिन्याच्या बोलीवर. चाचण्यांचा क्रम चालेल. पैशांच्या व्यवहाराला हात लावणारा बदल सध्या त्यांच्याकडेच राहू द्या.

आणखी एक. तुमचे नऊ जण तुमच्याकडे किती गोष्टी विचारायला येतात, त्याचंही पान त्याच वहीत करा. हे जड जाईल, तरी करा. आणि सकाळी एखादा पोरगा 'काल माझ्याकडून चुकलं' म्हणाला, तर आधी त्याचं सगळं ऐकून घ्या. सर मध्ये बोलले, तर 'सर, त्याचं होऊ द्या' एवढं तुम्ही म्हणू शकता.

दोन आठवड्यांनी किती ओळींपुढे 'काही नाही' आलं, ते मला जरूर कळवा.