सॅन होजेला आईबाबा आलेत, सँटा क्लारा काउंटीच्या कुठल्या पार्कात न्यावं?

आईबाबांसाठी डोळे झाकून रँचो सॅन अँटोनिओ, डीअर हॉलो फार्मपर्यंतची वाट साधारण मैलभर आणि बरीचशी सपाट, तिथे शेळ्या कोंबड्या वगैरे बघायला मिळतात, आईबाबा रमतील, फक्त वीकेंडला उजाडल्या उजाडल्या पोचा नाहीतर पार्किंग विसरा.

तुम्हाला चढ हवा असेल तर अल्माडेन क्विकसिल्व्हर! जुनी पाऱ्याची खाण आहे ती, गोल्ड रशमधे, म्हणजे १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा, सोनं वेगळं करायला इथला पारा जायचा, त्या पाऱ्यामुळे अजूनही तिथल्या तळ्यातले मासे खायचे नाहीत. उन्हाळ्यात सावली जेमतेम, पाणी जास्तच घ्या.

आणि हो, कडेला तीन-तीन पानांचं चकचकीत झुडूप दिसलं की लांबूनच नमस्कार, पॉयझन ओक असतं, खाजवून खाजवून जीव जाईल.